पूजेला बसलेली हत्यारं

नळाची तोटी उडाली तेव्हा एकनाथराव पान्याला कुंकू लावत होते.

तोटीचे आटे झिजले होते. पाण्याचा जोर आला आणि ती सुटून थेट तुळशीपाशी जाऊन पडली. सोलापुरात पाच दिवसांनी नळ आला होता आणि तासाभरात जाणार होता. हौदात अजून वीतभरही पाणी साठलं नव्हतं. उद्या दसरा. लेक श्रावणी सासू-सासऱ्यांना घेऊन जेवायला यायची होती, लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि व्याह्यांच्या हातपाय धुण्यापासून बासुंदीच्या पातेल्यापर्यंत लागणारं सगळं पाणी अंगणातून गटाराकडे चाललं होतं.

"अहो, पाना द्या तेवढा," अनसूयाबाई अंगणातून म्हणाल्या. त्यांनी नळाच्या तोंडावर दोन्ही तळवे दाबून धरले होते आणि त्या डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या होत्या.

एकनाथरावांनी शांतपणे पुढच्या पान्याला हळद लावली. पाटावर त्यांची हत्यारांची पेटी उघडी होती. मुलानं, अद्वैतनं, तीन वर्षांपूर्वी पुण्याहून पाठवलेली. एकशे आठ नग. जपमाळेत असतात तितके, आणि सगळे जपूनच ठेवलेले. पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, कानस, शिवाय कशाला लागतात ते बनवणाऱ्यालाच ठाऊक असे चाळीसेक बारके तुकडे. निम्मे अजून प्लॅस्टिकमधून बाहेर आले नव्हते. ही पेटी वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माळ्यावरून उतरायची, कुंकू लावून घ्यायची आणि दसरा झाला की पुन्हा माळ्यावर चढायची. निवृत्त हेडक्लार्कच्या घरात शस्त्र म्हणून दुसरं होतं तरी काय?

"पूजेला बसलीत ती," एकनाथराव म्हणाले. "बसलेलं हत्यार उचलायचं नसतं. उद्या सीमोल्लंघन झालं की देतो."

शास्त्र माणसाला नेमकं अशाच वेळी आठवतं.

पण त्यांनी अगदीच हात वर केले असं नाही. बसल्या जागेवरून प्लंबरला, जोतीरामला, फोन लावला. "काका, आज खंडेनवमी की," जोतीराम म्हणाला. "हत्यारं बसवल्यात. उद्या सांजच्याला येतो."

"बघ," एकनाथराव फोन ठेवून बायकोला म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं. "इतक्या वर्षांत या घरात काही मोडलं नाही, आणि मोडलं ते आज."

ही त्यांची ठरलेली प्रौढी होती. संध्याकाळच्या कट्ट्यावर ते सगळ्यांना ऐकवत, की वस्तू वापरायलाही अक्कल लागते. तीस वर्षांत मिस्त्री म्हणून त्यांच्या उंबऱ्याला लागला नव्हता. पंखा, इस्त्री, मिक्सर, कुकरचा दांडा, सगळं जिथल्या तिथे. कट्ट्यावरची मंडळी निमूट ऐकत. त्यांच्या घरी मिस्त्री चहा पिऊन पिऊन पाहुण्यासारखे झाले होते.

अनसूयाबाईंनी तळवे काढले. पाणी भिंतीवर आपटलं. त्या ओल्या पावलांनी स्वयंपाकघरात गेल्या, हरभऱ्याच्या डाळीचा मोठा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून एक फडक्याची पुरचुंडी बाहेर काढली. पक्कड, एक आखूड स्क्रू ड्रायव्हर आणि पांढऱ्या टेपचं रीळ. पक्कडीच्या मुठींना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.

अनसूयाबाईंचे वडील गिरणीत फिटर होते. लग्नात त्यांनी भांड्यांबरोबर लेकीला ही पक्कड दिली होती. पहिल्याच महिन्यात तिनं इस्त्रीची वायर जोडली, तेव्हा एकनाथराव म्हणाले होते, माझ्या घरात बाईमाणसानं पक्कड धरलेली मला खपणार नाही. तिला ते फार लागलं. त्या दिवशी पक्कड डाळीत गेली. मग नवरा दहा ते सहा ऑफिसात आणि निवृत्तीनंतर पाच ते सात कट्ट्यावर असायचा. घरातलं सगळं त्याच वेळात दुरुस्त होत आलं. आज तो घरात होता, म्हणून पाना मागायची वेळ आली.

आट्यांवर टेपचे सात वेढे. तोटी नळात. पक्कडीनं तीन पिळे. तोटीला रबरी पाइप चढवून अनसूयाबाईंनी तो हौदात सोडला. अर्धा तास हातात होता. तेवढ्यात हौद गळ्यापर्यंत भरला.

एकनाथराव पाटासमोर कुंकवाचं बोट तसंच धरून बसले होते.

"ही पक्कड कुणाची?"

"माजी."

"मग कधी पूजेला मांडली नाहीस ती?"

"तिला बसायला सवड कुटं हुती?"

अनसूयाबाईंनी पदरानं पक्कड कोरडी केली. मग पाटापाशी येऊन चार अक्षता त्या एकशे आठ नगांवर टाकल्या, गणपती हलवताना टाकतात तशा, आणि पेटी उचलून एकनाथरावांच्या मांडीवर ठेवली. रिकाम्या झालेल्या पाटावर पक्कड ठेवली. तिला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल ठेवलं आणि हात जोडले.

"जोतीरामची वरीसभर राबत्यात, ती बसली तर शोभतं," त्या म्हणाल्या. "ही तीस वर्सं राबली."

एकनाथरावांनी मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. यातलं कुठलं कशाला लागतं, ते त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"पण उद्या काही मोडलं तर?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मोडलंय की. मागल्या दाराचं बिजागरं निसटलंय." अनसूयाबाईंनी पक्कडीवरचं फूल नीट केलं. "ही बसली. आता तुमी उठा."