पडद्यामागचा फोटो

बल्गेरियातल्या आमच्या गावात मतदान शाळेतच होतं, माझ्या पाचवीच्या वर्गात, केंद्रप्रमुखही मीच. पडद्यामागून फोनने फोटो काढल्याचा आवाज आला. मतपत्रिकेचा फोटो काढला तर मत बाद करायचं, असा नियम. माझी जुनी विद्यार्थिनी देनीत्सा बाहेर आली. “फोटो कुणासाठी गं?” मी हळूच विचारलं. “मुकादमासाठी. कारखान्याचे मालक निवडणुकीला उभे आहेत ना! फोटो दाखवला नाही तर सोमवारपासून घरी बसायचं.” “गुप्त मतदान म्हणजे काय, मीच शिकवलं होतं ना?” “शिकवलंत की, बाई! आणि वर्गाला नव्या खिडक्या द्या म्हणून मालकांच्या दारात कोण गेलं होतं?” मी त्या नव्या खिडक्यांकडे पाहिलं. निरीक्षक जवळ आला. “काही अडचण, बाई?” “नाही,” मी म्हणाले. देनीत्साने मतपत्रिका पेटीत टाकली. तिचा नवरा पडद्यामागे गेला. मी आवाज होण्याआधीच मोठमोठ्याने खोकायला लागले.