कोपऱ्यातला शर्ट

“स्कॅन हवं तर कर, पण चौकटीतून बाहेर काढू नकोस,” आईने बजावलं आणि ती कामावर गेली. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन घेत असे. दिवसभर लोकांना गोड बोलून थांबवून ठेवायचं, हेच तिचं काम. घरीही तिची ती सवय सुटली नव्हती.

मुलीने अर्थातच फोटो बाहेर काढला. काचेवर उजेड चमकत होता, त्याला ती तरी काय करणार?

ती डिझाइनच्या पहिल्या वर्षाला होती. काढण्यापेक्षा खोडायचीच जास्त, म्हणून वर्गाने तिला ‘खोडरबर’ नाव ठेवलं होतं. यंदाच्या प्रकल्पाचे तीन भाग होते. घरातल्या एका माणसाचं पेन्सिलने पूर्णाकृती चित्र काढायचं, त्याच माणसाचा जुना फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचा आणि शेवटी तो सोशल मीडियावर टाकून लोकांना बोलतं करायचं. बाकीच्यांनी आज्या, काका, एकाने तर कुत्रा निवडला. खोडरबरने बाबांना निवडलं.

बाबा ती जन्मायच्या आधीच अपघातात गेलेले. नातेवाईक कोणी नाहीत. टीव्हीशेजारी हा एकच फोटो. निळ्या चौकड्यांचा शर्ट, डावीकडे भांग, हसताना गालावर खळी. मार्कांचं ती बघून घेणार होती. बाबांना ओळखणारं एक माणूस, फक्त एक, या निमित्ताने सापडलं तर तिला हवं होतं.

पहिल्याच भागात गाडी अडली. फोटो छातीपाशी संपत होता, चित्र पायांपर्यंत हवं होतं. तिने आईला विचारलं, बाबा उंच होते का? आई म्हणाली, मध्यम. हात कसे होते? चांगले होते. चालायचे कसे? आई भांडी विसळायला उठली. आवडायचं काय त्यांना, यावर मात्र उत्तर चटकन आलं: निळा रंग. आणि हसायचे छान, गालावर खळी पडायची.

एवढ्या सामग्रीवर तिने बाबांना उभं केलं. हात खिशात घातले. हात जमत नसले की सगळा वर्ग तेच करायचा.

दुसरा भाग सोपा वाटला होता. फोटो पिवळा पडला होता आणि उजवीकडचा खालचा कोपरा कोणीतरी कात्रीने गोल कापला होता. जवळून पाहिलं तर चेहरा बारीक रंगीत ठिपक्यांनी भरलेला. तिने फिल्टर लावला. ठिपके गेले, गाल तुळतुळीत झाले. कोपऱ्यात मात्र शर्ट हाताने भरावा लागला. चौकडी चौकडीला जुळेना. काढ, खोड, पुन्हा काढ. अखेर जुळली, तेव्हा बाबांच्या शर्टाला आपण ठिगळ लावलं असं तिला वाटलं आणि ती एकटीच हसली.

सरांनी मूळ स्कॅन मागितला. वर्गात कोणालाच न सोडणारे सर, कुत्र्याच्या चित्राला ‘हा कोणाचा काका?’ म्हणणारे. त्यांनी ते ठिपके मोठे करून पाहिले, कापलेला कोपरा पाहिला आणि तिला एकटीला जवळ बोलावलं.

“हा फोटो कुठल्या स्टुडिओतला?”

“माहीत नाही, सर.”

“आईला विचारलंस?”

“ती काही सांगत नाही.”

सरांनी स्क्रीनवरचा फोटो बंद केला. “एरवी नको ते खोडतेस. एकदा माझं ऐक, हे खोड. आईवर कर प्रकल्प.”

“आई तर रोजच दिसते, सर.”

त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली. सरांनी बाबांना ओळखलंय, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग तिला कोण थांबवणार? घरी पोचण्याआधीच तिने फोटो टाकला. खाली लिहिलं: ‘माझे बाबा. कोणी ओळखता का?’

लोक ओळखत होते. चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, असं एकाने लिहिलं. हे आमच्या मावशीकडे होते, शंभर टक्के, असं दुसऱ्याने. एका बाईंनी लग्नानंतर नव्या घरी गेल्या गेल्या त्यांना पाहिलं होतं. खोडरबर एकेक नोंद वाचत गेली. सगळ्यांची बेरीज एकच होत होती. बाबांचं येणंजाणं बऱ्याच घरांत होतं.

आई आली, तेव्हा तिने फोन पुढे धरला. आईने वाचलं. पर्स खांद्यावरून काढायचीही ती विसरली.

“काढून टाक ते.”

“बाबा जिवंत आहेत ना?”

“नाहीत.”

“दुसरं घर होतं त्यांचं? स्पष्ट सांग, आई. मी लहान नाही.”

“ते नाहीत गं,” आई अगदी हळू म्हणाली. “खरंच नाहीत.” आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

फोन पुन्हा वाजला. कोणा अनोळखी गृहस्थाचा निरोप होता. जुनं दुकान आवरताना तुमचे वडील सापडले, फोटो पाठवतो.

तिने फोटो उघडला. दुकानातली एक फळी. फळीवर ओळीने लावलेल्या कोऱ्या करकरीत फोटोफ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये निळ्या चौकड्यांचा शर्ट, डावीकडे भांग, गालावर खळी. आणि प्रत्येक बाबांच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तिने खपून शर्ट काढला होता नेमक्या त्याच जागी, बारीक अक्षरांत छापलं होतं: ‘माप सहा बाय आठ. चित्र नमुन्यादाखल.’