तिसऱ्या वळणाचं डिझेल

"या घराचा इतिहास आता दोन भागांत लिहिला जाईल. या पंपाच्या आधीचा आणि या पंपाच्या नंतरचा," जावयाने जाहीर केलं. ही घोषणा त्याने पिकअपखाली उताणा पडून केली, त्यामुळे श्रोते म्हणून समोर फक्त बायकोच्या चपला होत्या. चपलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वरून आवाज आला, की जो काही इतिहास असेल तो तीनच्या आत आवरा, तीनला गिऱ्हाईक येतंय.

गिऱ्हाईक येणार होतं ते पिकअपच विकत घ्यायला. बायको कपाटं बनवायची आणि तो ती पोचवायचा, असा संसार. पण गेल्या दोन वर्षांत त्याने त्या गरीब गाडीला मोठा टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर बसवले, मांजर पाय पसरून झोपेल एवढा सायलेन्सर बसवला, आणि तेव्हापासून माल भरला की गाडी टेकडीच्या तिसऱ्या वळणावर आचके देऊन बंद पडू लागली. मागच्या आठवड्यात तर एक कपाट स्वतःहून खाली उतरलं आणि आल्या वाटेने घराकडे निघालं. त्यावर बायकोने निर्वाणीचं सांगितलं. आज दोन कपाटं घेऊन, कुठेही न थांबता, टेकडी चढली तर गाडी आपली. वाटेत थांबली तर गिऱ्हाइकाची. आणि खात्री करायला ती स्वतः शेजारी बसणार होती.

तेव्हा तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. त्यांचं सगळं आयुष्य डिझेलचे पंप उघडण्यात गेलेलं. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून तो सगळा थाट पाहिला, मग टाकीकडून येणारी करंगळीएवढी जुनी नळी पाहिली.

"जावईबापू, खाणारी तोंडं वाढवलीत आणि आणणारा तोच एकटा ठेवलात."

सासऱ्यांनी जावयाला उभ्या आयुष्यात कधी गाढव म्हटलं नव्हतं. तशी वेळ आली की ते 'जावईबापू' म्हणत.

सकाळपासून दोघे कामाला भिडले. टाकीजवळ नवा इलेक्ट्रिक पंप बसला, जाड नळी आली, बरणीएवढा फिल्टर आला. मध्ये सासऱ्यांनी वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा घातला. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग नट सैल करून आतली हवा काढली, डिझेलची चिळकांडी जावयाच्या शर्टावर उडाली, आणि त्याने ती अत्तर उडाल्यासारखी अंगावर घेतली. चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जावयाने जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी तिसऱ्या वळणाची वाट न पाहता अंगणातच आचके देऊ लागली.

पारदर्शक नळीतून शाळा सुटल्यासारखे बुडबुडे धावत होते.

जावई गाडीखाली शिरून एकेक जोड बघून आला. थेंबभरही गळत नाही, असं त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. गळणार कसं, सासरे म्हणाले, टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढणारी. तिथे फट राहिली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि वरून सगळं कोरडं ठणठणीत. मग तेही वाकले, आणि दोघांची बोटं एकदमच टाकीच्या तोंडाशी नळी आवळणाऱ्या पट्ट्यावर पडली. पट्टा बांगडीसारखा गोल फिरला.

जावयाने तो मुद्दामच अर्धवट ठेवला होता. शेवटचा हात वडीलधाऱ्यांचा लागावा, ही त्याची भावना. सासऱ्यांच्या तो तासाभरापूर्वीच नजरेला आला होता. पण जावयाने बसवलेलं त्याच्या देखत पुन्हा आवळायचं, हे त्यांना बरं दिसलं नव्हतं.

"मला वाटलं, आपण आवळाल."

"छे छे, आपल्या हातचं काम. मी कसा हात लावणार?"

"असं कसं, मान आपला."

दोन वाजून गेले होते. बायकोने हातातला रंधा खाली ठेवला, पेचकस उचलला, गाडीखाली शिरली आणि तीन आट्यांत दोघांचाही मान आवळून टाकला.

बुडबुडे थांबले. नळी अशी स्वच्छ भरून वाहू लागली, की आत काही आहे की नाही हेच कळेना. कपाटं चढली, तिघे पुढे बसले. पहिलं वळण कधी गेलं ते समजलंच नाही. दुसऱ्या वळणावर इंजिनाने असा काही सूर लावला, की जावयाच्या अंगावर काटा आला. तिसऱ्या वळणाआधी तिने दाराची कडी घट्ट धरली. सासरे डोळे मिटून, गुडघे जुळवून, अवाक्षर न काढता बसले होते. ते इंजिन ऐकत असणार, अशा आदराने जावयाने गिअर बदलला आणि पाय दाबला.

गाडी वळण नुसतं चढली नाही, ते मागे टाकून उधळली. माथा आला आणि गेला. बायकोने फोन काढून गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं, फोन ठेवला, आणि काचेबाहेर बघत म्हणाली, अजून थोडी पुढे घ्या ना. जावयाला गगन ठेंगणं झालं. पुढे सरळ, मोकळा, न संपणारा रस्ता होता.

"जावईबापू," सासरे अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता ही आपण सांगाल तिथे थांबते ना? मग एखादं झाड बघून थांबवा जरा. मी दुसऱ्या वळणापासून धरून बसलोय."