सहसा बिघडत नाही

डोंबिवलीच्या त्र्यंबकरावांची सगळी नोकरी रॉकेटला दिशा देणारी सर्किटं किरणोत्सर्गाखाली तपासण्यात गेली. सर्किट एकदा जरी चुकलं, तरी ते सरळ बाद करत. आज ठाण्याच्या इस्पितळात किरणांच्या यंत्राखाली त्यांनाच झोपायचं होतं. फुप्फुसात गाठ होती आणि तिच्याजवळच हृदय चालवणारा पेसमेकर. "किरणांनी पेसमेकर बिघडू शकतो, पण सहसा बिघडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या 'सहसा'पाशी त्र्यंबकराव अडकले. गाठ राहिली तर मरण, जाळायला जावं तर हृदयच बंद पडायचं. त्यांना काहीच सुधरेना. "चल, घरी जाऊ. असलं सर्किट मी बाद केलं असतं," ते बायकोला म्हणाले. सुमेधाताईंचा आवाज चढला. "अहो, तिथे सर्किटाच्या जागी दुसरं यायचं. तुमच्या जागी कोण येणार?" चष्मा बायकोच्या हातात देऊन त्र्यंबकराव यंत्राखालच्या टेबलावर आडवे झाले.