कॅप्टनची निवड

"कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला. हात वर झाले की तोंडं बंद," सार्जंट गुट्टोर्म म्हणाला, आणि लेफ्टनंट आनफिन ब्रेक्के एकेकाचे बूट निरखू लागला.

कंपनी ओढ्याकाठी उभी होती. नॉर्वेतल्या एकाच खोऱ्यातून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलेली, एकाच चर्चमध्ये बसणारी ही माणसं. आपले अधिकारी आपणच निवडू, या बोलीवर ती यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत भरती झाली होती. कॅप्टन रोस्टाद काल टेकडीवरच्या लढाईत मारला गेला. त्याच्या जागी एकच नाव पुढे आलं होतं, आनफिनचं.

रोस्टाद म्हणजे वाघ. धोक्याची कामगिरी दुसऱ्या कंपनीला मिळाली तर कर्नलशी भांडून आपल्याकडे ओढून आणायचा. काल बिगूल वाजताच तो तलवार उपसून धावला. आनफिनही निघाला. पण शेजारच्या पोराचा जबडा उडाला, आणि आनफिनने एका आडव्या ओंडक्यामागे अंग टाकलं, ते गोळीबार थांबेपर्यंत उचललंच नाही. मातीत तोंड खुपसून तो लहान मुलासारखा रडला. मध्येच कुणाचे तरी बूट त्याच्या डोक्याशी थांबले आणि निघून गेले. मान वर करून बघायचीही त्याची छाती झाली नाही.

म्हणजे समोरच्यांपैकी एकाला ठाऊक होतं.

फौजेने सगळ्यांदेखत तलवार मोडून हाकलून दिलं असतं तरी त्याने सोसलं असतं. पण ही माणसं घरी पत्रं लिहीत. मग त्याच्या बायकोला दर रविवारी शेजारणींच्या नजरा झेलत चर्चमध्ये शिरावं लागलं असतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटे. आणि मरायचीच तर भीती होती.

"मला बोलायचंय," शिपाई आमुंड पुढे आला.

सकाळी आनफिन कॅप्टनच्या अंत्यविधीची तयारी करायला गेला, तेव्हा याच आमुंडने त्याला परत पाठवलं होतं. "तुम्ही बसा साहेब, हे आमचं काम," एवढंच म्हणाला होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावूनच त्यांनी कॅप्टनला पुरलं.

"नवे कॅप्टन घोरतात हो," आमुंड म्हणाला. "त्यांचा तंबू लांब ठोका. शत्रू आवाजावर नेम धरायचा."

सगळे हसले. मग हात वर झाले. एकही खाली राहिला नाही.

पांगापांग झाल्यावर गुट्टोर्मने कॉफीचा पेला आनफिनच्या हातात दिला आणि त्याला ओढ्याच्या वळणाशी नेलं. चारचौघांत तो साहेब म्हणे. पण नॉर्वे सोडताना आनफिनच्या आईची सामानाची पेटी बोटीपर्यंत खांद्यावर वाहिलेला माणूस तो.

"ते बूट माझे होते, आनफिन."

आनफिनने पेला खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो ना. सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्यांना? आणि तरी हात वर केलेत?"

"तरी काय, म्हणूनच! अरे, तुला जीव प्यारा आहे. रोस्टादला स्वतःचाही नव्हता, आमचा कुठला? खोऱ्यातली निम्मी घरं त्याने रिकामी केली. संध्याकाळी कर्नल पुन्हा टेकडी चढा म्हणेल. तू म्हणायचं, माणसं थकलीत, जमायचं नाही."

"मला भित्रा म्हणतील."

"म्हणू देत. घरी एक अक्षर जाणार नाही, माझा शब्द."

आनफिनला एकदम हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या भीतीची लाज वाटेना. डोळे पुसून तो हसलासुद्धा. "रोस्टाद असता तर तुझं हे ऐकूनही घेतलं नसतं त्याने."

"नाहीच ऐकलं," गुट्टोर्म शांतपणे म्हणाला. "काल सकाळी त्यालाही असंच बाजूला घेऊन समजावलं होतं. सगळ्यांच्या पुढे धावत होता बिचारा, गोळी मात्र पाठीत लागली."