हाराचा मान

पारधी वस्तीच्या समाजमंदिरात पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध सभा भरली होती. संशयावरून उचललेल्या तुळशाचा पाय चौकीत मोडला, हे सांगायला त्याची आई सोनकीबाई पुढं बसली होती. बाजू मांडायला बोलावलेले त्याच चौकीचे फौजदार मंचावर होते.

"आधी सत्कार," संयोजक ढगेसर म्हणाले. "वस्तीतल्या थोरल्या म्हणून मावशी, फौजदारसाहेबांना हार घाला."

"सर, पाय यांनीच मोडला."

"ते नंतर पोटभर बोला. आलेल्या पाहुण्याचा मान नको ठेवायला?"

दारी आलेल्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, ही बापाची शिकवण. तिनं हार घातला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

सरांनी माईक पुढं केला. "आता बोला."

"काय बोलू?" सोनकीबाई म्हणाली. "कोर्टात साहेब हाच फोटो दाखवतील. म्हणतील, लेकाचा पाय मोडणाऱ्याला कुठली माय हार घालते?"