बाकावरची सून

"बसायचंच होतं, तर आपल्या घरात काय खुर्च्या कमी होत्या?" माईंनी टीव्हीकडे बघत विचारलं. मुलगा चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकला.

सगळ्या खंडांतले देश जमलेले ते मोठे खेळ. त्यातला बायकांच्या फुटबॉलचा शेवटचा सामना, सोन्याच्या पदकाचा. माईंची सून त्यात राखीव गोलकीपर. पाच सामने झाले, बाईनं चेंडूला बोट लावलं नव्हतं. पहिल्या सामन्याच्या आधी माईंनी दारोदार फिरून सांगितलं होतं, आमची सून टीव्हीवर दिसणार. दिसली. बाकावर. गुडघ्यांवर कोपर टेकून समोरच्या पोरींचे पाय न्याहाळत बसलेली. त्या दिवशी माईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आज शेजारच्या शिंपीणबाई आणि त्यांची जाऊ, एवढ्या दोघीच उरल्या होत्या.

या दोघींना तशीही या टेबलाची सवय होती. सात वर्षं दर रविवारी दुपारी इथं पत्त्यांचा डाव पडायचा. माई आणि सून एक जोडी, शिंपीणबाई आणि जाऊ दुसरी. हरणाऱ्या जोडीनं कपबशा धुवायच्या. सात वर्षं कपबशा धुतल्या त्या शिंपीणबाईंनी आणि त्यांच्या जावेनं. बरं, समोर जोडी तरी कसली? माई सुनेच्या बसण्यावर बोलणार, पत्ता टाकण्यावर बोलणार. सून तोंड वाकडं करून कान खाजवणार. "एकमेकींचं तोंड बघवत नाही या दोघींना," नळाखाली बशा धरून शिंपीणबाई म्हणायच्या, "आणि आपण हरतो कशा?"

सामना बरोबरीत संपला. आता पेनल्टी. दोन्हीकडच्या पाच-पाच जणींनी एकेक चेंडू मारायचा.

समोरच्या संघाची पहिली मुलगी पुढं आली. कॅमेरा आपल्या बाकावरून फिरला. सुनेनं उजवा कान चोळला.

"अगंबाई, कान अजून ठणकतो वाटतं तिचा," शिंपीणबाई हळहळल्या. "मी तेल दिलं होतं, घातलं नाही का?"

"घातलं, घातलं," माई म्हणाल्या आणि रिकामा कप तोंडाला लावला.

आपल्या गोलकीपरनं उजवीकडे झेप घेतली. चेंडू अडला. शिंपीणबाईंनी टाळ्या पिटल्या. "हिला म्हणतात गोलकीपर! आणि तुमच्या सूनबाईंना बसल्या जागी पदक. मजा आहे बाई एकेकीची."

माईंच्या कपाळावरची शीर ताठली. बोलावं तर सात वर्षांची अब्रू जाते. गप्प बसावं तर सुनेचं नाव जातं.

दुसऱ्या वेळी सुनेचा हात डाव्या कानाला. गोलकीपर डावीकडेच गेली, पण चेंडू तिच्या बोटांना चाटून आत घुसला.

"ती बिचारी मरमर मरतेय, आणि ही खाजवतेय," शिंपीणबाई म्हणाल्या. "पदक नीट जपून ठेवा हो माई, फार कष्टाचं आहे!"

तिसऱ्या वेळी सुनेनं केसांवरून हात फिरवला. माईंच्यानं आता राहवलं नाही.

"मधे!" त्या ओरडल्या. "जागची हलू नकोस!"

गोलकीपर जागची हलली नाही. चेंडू तिच्या पोटावर आदळून परत गेला.

मुलगा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकला. शिंपीणबाईंनी टीव्हीवरची नजर सावकाश माईंवर आणली.

"तुम्हाला आधी कसं कळलं?"

माई ताठ बसल्या. "सुनेनं सांगितलं. कोण कुठं मारतं ते पाच सामने बसून पाठ केलंय तिनं. उजवा कान म्हणजे उजवीकडे. डावा म्हणजे डावीकडे. केस म्हणजे मधे. ती चेंडू अडवणारी पोर माझ्या सुनेकडे बघून उडी मारतेय, कळलं?"

"आणि रविवारी?" जाऊबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

माईंनी पदर सावरला. "उजवा कान, एक्का माझ्या उजवीकडच्या बाईकडे. डावा, तर डावीकडच्या बाईकडे. केस, तर तिच्याच हातात. पत्ता चांगला आला की तुमच्या भुवया वर जातात, ते ओळखते ती. खुणा शिकवल्या मी. तिला काही बोलायचं नाही."

"म्हणजे कान कधी दुखलाच नाही? अहो, माझं तेल!"

"ते मी गुडघ्याला लावलं. गुण आला."

शिंपीणबाई तांबड्यालाल होऊन उठल्या. चपला पायात सरकवल्या. दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "चौथा गेला आत. आपले तीन गोल, त्यांचे दोन. हा शेवटचा. अडला की सोनं!"

शिंपीणबाईंचा हात कडीवर राहिला. मान मात्र वळली. कॅमेरा बाकावर आला. सुनेचा हात वर गेला.

"डावा कान! डावीकडे, डावीकडे!" माईंच्या आधी शिंपीणबाई किंचाळल्या.

चेंडू अडला. चपलांसकट शिंपीणबाई परत आल्या आणि माईंच्या गळ्यात पडल्या. मग आठवण झाली तशी दोन पावलं मागं सरून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं फोन वाजला. मागं नुसता कल्लोळ चालला होता. सुनेचा आवाज मात्र ओला होता. "आई, जिंकलो. पण मला खेळायला नाही मिळालं हो. बसूनच राहिले मी."

माईंनी एकदा शिंपीणबाईंकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या कपबशांकडे.

"बसलीस ते झकास बसलीस," त्या म्हणाल्या. "आता पदक गळ्यात घाल आणि लवकर घरी ये. मी सगळं सांगून टाकलंय. सात वर्षांच्या कपबशा धुवायच्यात, आणि माझी जोडीदार तूच आहेस."